रुक्मिणीचे वेगळे देऊळ



माझ्या दारव्ह्याच्या दवाखान्यात ज्येष्ठ दांपत्ये बहुधा जोडीने येतात. आजोबांची साखर तपासायची असते, आजींचे गुडघे दुखत असतात. तपासणी आटोपली, चिठ्ठी लिहून झाली, की दोघांपैकी एक जण दाराशी घुटमळतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "डॉक्टरसाहेब, घरात आता बोलणंच राहिलं नाही." चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हे वाक्य उच्चारणे सोपे नसते. तरीही मी बरीच वर्षे त्यावर एखादी शक्तिवर्धक गोळी लिहून देत असे आणि "या वयात असं चालायचंच" असे म्हणून पुढच्या रुग्णाला आत बोलावत असे.

तसे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. कारण माझ्या स्वतःच्या घरातही बोलणे राहिले नव्हते. त्याची हकीकत आज पत्नीच्या संमतीने आपल्यापुढे मांडत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेले असेल आणि कुणीतरी त्याची सेवा करीत असेल. ही हकीकत मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

२०१६ च्या पावसाळ्यात माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा अडखळू लागली. यवतमाळच्या रुग्णालयातून घरी आणल्यावर खरी शुश्रूषा सुरू झाली. दर दोन तासांनी कूस बदलणे, बसते करून पातळ अन्न भरवणे, अंग पुसणे, लघवीची नळी सांभाळणे, हातापायांचे व्यायाम करून घेणे. हे सारे माझी पत्नी करीत होती. मी रात्री दवाखाना बंद करून येई, आईचा रक्तदाब मोजे, वहीत आकडा लिही आणि दिवसभरात काय चुकले ते पत्नीला सांगे.

भेटायला येणारी मंडळी म्हणत, "डॉक्टर म्हणजे आजच्या काळातले पुंडलिक!" मी नम्रपणे मान लववीत असे. चहाचे कप घेऊन आलेली पत्नी ते ऐकत असे आणि कप ठेवून आत निघून जात असे.

एके दिवशी आईच्या माकडहाडापाशी जखम दिसली. घरात पाहुणे होते. त्यांच्यासमोर मी पत्नीला म्हणालो, "तुझं लक्ष कुठं होतं?" तिने उत्तर दिले नाही. त्यानंतर आमच्यात औषध, दूध, किराणा यांपलीकडचा शब्द उरला नाही. भांडण झाले नाही, म्हणून मला वाटत राहिले की सारे ठीक आहे. आमच्या व्यवसायात वेदना थांबली म्हणजे आजार बरा झाला, असे आम्ही कधी मानत नाही. घरी मात्र मी तेच मानले.

२०१९ च्या मे महिन्याअखेर ती भाचीच्या लग्नासाठी आर्वीला माहेरी गेली आणि परतली नाही. फोनवर एवढेच म्हणाली, "आईंवर माझा राग नाही. पण तुमच्या घरात मला आता श्वास पुरत नाही."

पुढचे पंधरा दिवस दिवसा एक मदतनीस बाई आणि रात्री मी, अशी आईची शुश्रूषा चालली. दर दोन तासांनी गजर लावून उठणे म्हणजे काय, हे तीन वर्षांत मला प्रथमच कळले. चौथ्या रात्री अंथरूण दुसऱ्यांदा ओले झाले तेव्हा मी आईवर ओरडलो. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि अडखळत म्हणाली, "तिले आन." तीन वर्षांत पत्नी तिच्यावर एकदाही ओरडली नव्हती.

त्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. पत्नीला चक्कर आली होती. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो १६८/१०४ भरला. मेहुण्याने विचारले, "भाऊजी, ताईचं बीपी याआधी कधी तपासलं होतं?" रोज पन्नास-साठ लोकांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या माणसापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मी आर्वीला गेलो. सासऱ्यांनी "जावईबुवा, आधी पाणी घ्या" म्हणून बसवले. सारे घर ओसरीवर जमले होते. मी म्हणालो, "तुला मी चारचौघांत बोललो, म्हणून माफीही चारचौघांत मागतो. सेवा तू केलीस आणि नाव मी घेतलं." ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माफी ठीक आहे. पण रात्रीचं कोण पाहणार?"

वाचकहो, या प्रश्नाचे मोल मी आजही विसरलेलो नाही. क्षमा मागून मन हलके होते ते मागणाऱ्याचे. ज्याच्याकडे ती मागितली, त्याचे ओझे हलके होण्यासाठी आणखी काहीतरी लागते. आम्ही तिथेच बसून ठरवले. रात्री दहा ते पहाटे चार मी जागायचे. दुपारी चार तास मदतनीस बाई येणार. महिन्यातले पाच दिवस पत्नी पूर्ण मोकळी, माहेरी जावो वा घरीच झोपून राहो. शुश्रूषेत काही चुकले तर मी ते एकांतात सांगायचे आणि सांगण्याआधी स्वतः हात लावायचा.

परतताना वर्धा नदी ओलांडून आम्ही कौंडण्यपूरला थांबलो. हे विदर्भकन्या रुक्मिणीचे माहेर. इथून तिची पालखी दर वर्षी आषाढीला पायी पंढरपुरी जाते; चारशेहून अधिक वर्षांची ही परंपरा सांगितली जाते. आम्ही गेलो तेव्हा पालखी वाटेला लागलेली होती आणि देवळात शांतता होती. रुक्मिणी रुसून द्वारका सोडून दिंडीरवनात आली, तिची समजूत काढायला देव मागोमाग आले, ही कथा आपण सारे जाणतो. वाटेत पुंडलिक मातापित्यांची सेवा करीत होता. त्याने देवांना उभे राहण्यासाठी वीट दिली. या कथेतला पुंडलिक मी आजवर स्वतःकडे घेतला होता. देव निघाले होते ते रुसलेल्या पत्नीच्या शोधात, हा भाग माझ्या ध्यानातच राहिला नव्हता.

पायऱ्या उतरताना पत्नी म्हणाली, "देव शोधत आले म्हणून तिचा राग गेला असेल. पण पंढरपुरात तिचं देऊळ वेगळंच आहे." पंढरपूरला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे की रुक्मिणीमातेचे मंदिर त्याच आवारात, विठ्ठलाच्या मंदिरामागे स्वतंत्र आहे. मी तिच्या बोलण्याचा अर्थ विचारला नाही. घरी पोहोचल्यावर तिच्यासाठी मागची खोली रिकामी करून दिली. तिथे दुपारचे दार लावून घेतले तर कुणी हाक मारायची नाही.

आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा अनेक गावांत आजही टिकून आहे. आईला आयुष्यभर तिची सवय. आम्ही दोघे रोज तिन्हीसांजेला तिच्या पलंगाशी बसू लागलो. पहिल्या दिवशी पत्नी म्हणाली, "मी नुसती बसेन." काही आठवडे ती नुसती बसली. प्रार्थनेने आमचे प्रश्न सोडवले असे मी म्हणणार नाही. ते रात्रीच्या जागरणाने आणि वेळापत्रकाने सोडवले. पण ज्याच्याशी आपण चुकीचे वागलो त्याच्या शेजारी बसून रोज मान लववावी लागली, तेव्हा माझा ताठा उतरत गेला. त्या अर्ध्या तासात कुणी कुणाचा हिशेब मांडत नसे. पुढे एके संध्याकाळी तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. आई २०२१ मध्ये गेली. प्रार्थना अजून चालू आहे.

आता डॉक्टर म्हणून चार शब्द. उतारवयातला बेबनाव हा प्रत्येक वेळी स्वभावाचा दोष नसतो. "मुद्दाम उत्तर देत नाहीत" अशी तक्रार असेल तर आधी श्रवणचाचणी करावी. शांत माणूस अचानक चिडका, संशयी झाला, जोडीदाराच्या चारित्र्यावर आरोप करू लागला, तर ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. सतत उदास राहणे, झोप उडणे, कशातच रस न वाटणे हे नैराश्य असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइड, रक्तक्षय, औषधांचे दुष्परिणाम हेही तपासून घ्यावेत. आणि रुग्णाला तपासायला नेताना शुश्रूषा करणाऱ्याचाही रक्तदाब, साखर नि वजन पाहून घ्यावे. जागरणाने खंगलेल्या माणसाचा त्रागा हा बरेचदा झोपेच्या अभावाचा त्रागा असतो.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जिथे मारहाण आहे, धाक आहे, पैसे वा औषधे अडवून ठेवली जातात, तिथे "जुळवून घ्या" हा सल्ला मी देणार नाही, आणि श्रद्धेच्या नावाने तो कुणी देऊही नये. स्त्रियांना २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. समेट दोघेही सुरक्षित असतील तिथेच शक्य होतो.

दाराशी घुटमळणाऱ्या आजी-आजोबांना मी आता परत बसवतो. दोघांच्याही दंडाला पट्टा बांधतो, आणि त्यांच्यापैकी जो सेवा करतो त्याला विचारतो, "रात्री किती वेळा उठावं लागतं?" बहुतेक वेळा उत्तर ऐकून जोडीदारच चकित होतो. हा प्रश्न विचारायला डॉक्टर लागत नाही. आपल्या घरी जे कुणी जागत असेल, त्यांना आज रात्रीच तो विचारावा, आणि उत्तर मिळाल्यावर उद्याचा एक गजर आपल्या उशाशी लावावा.