सेकंदाचा पंचविसावा भाग

लोणंद सोडून फलटणकडे निघालेली माउलींची पालखी तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाशी थांबते. सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण इथलं. दुतर्फा वारकऱ्यांच्या रांगा, मधे मोकळी वाट आणि त्या वाटेने धावणारे अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण तिथे साक्षात माउली. या रिंगणाचं एक ठरीव छायाचित्र असतं : टापा अधांतरी, आयाळीचा केस न् केस सुटा आणि मागे वारकऱ्यांच्या जागी पांढरे ठिपके. देखणं खरं, पण ते घोड्याचं चित्र झालं, रिंगणाचं नव्हे.

हा दोष नजरेचा कमी, हिशेबाचा जास्त. आषाढी वारीच्या ढगाळ उजेडात आयएसओ १०० ला एफ ८ आणि सेकंदाचा शंभरावा भाग, हे ढोबळ जुळणारं माप. घोडा गोठवायला शटर आठपट वेगवान केलं, तर अ‍ॅपर्चर एफ २.८ पर्यंत उघडावं लागतं. (आकडा लहान तितकं छिद्र मोठं, ही उलटी रीत नवख्याला हमखास चकवते.) छिद्र उघडलं की स्पष्टतेचा पट्टा आक्रसतो, घोडा थांबवण्याची किंमत वारकरी मोजतात. आता उलटं करून पाहा. कॅमेरा तिवईवर ठेवून शटर पंचविसाव्या भागावर आणा. छिद्र एफ १६ पर्यंत मिटतं, दोन्ही रांगा दूरवर स्पष्ट होतात आणि सेकंदाला दहा मीटर धावणारा अश्व तेवढ्यात चाळीस सेंटिमीटर सरकून नुसता फराटा उरतो. टाळ वाजवणारे हात थोडे विरघळतील, विरघळू द्यावेत. उभे आहेत ते उभे दिसतात आणि धावणारा धावताना.

यावर कुणी म्हणेल, धूसर फोटो म्हणजे फसलेला फोटो. छायाचित्राने पुरावा द्यावा. पुराव्याची थोरवी मोठीच आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं, की दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, आणि तेही चित्रकार काढत तसे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असतात. शिल्पकार रोदँने त्यावर उलट बजावलं, की खोटं बोलतो तो कॅमेराच. काळ असा कधी थांबत नाही. दोघांत निवाडा करायचं कारण नाही. मायब्रिजपुढे घोड्याच्या पायांचा प्रश्न होता. चांदोबाच्या लिंबाशी तो कुणालाच पडलेला नसतो. दुसरा आक्षेप अधिक पक्का आहे : आजचे कॅमेरे आयएसओ १६०० सहज पेलतात, मग एफ ११ ठेवून आठशेव्या भागात घोडाही मिळेल आणि वारकरीही. मिळतील. पण त्या चित्रात मोकळ्या पाठीचा एक घोडा आणि त्याच्याकडे पाहणारी माणसं एवढंच उरेल, आणि त्यांच्या डोळ्यांत एवढं काय भरलंय ते कळणार नाही. फराट्यात मात्र पाठ रिकामी की भरलेली, हे कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. रांगेतल्या माणसाला दिसतं, त्याच्याशी जास्त इमान राखणारं चित्र हेच.

अश्व गेल्यावर वारकरी वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. तेव्हा शटर हवं तेवढं वेगवान करा.