प्रवास : चैन कीं चरितार्थ ?

आमच्या घरीं मार्च महिन्याच्या अखेरीस एक संध्याकाळ जमाखर्चासाठीं राखून ठेवलेली असते. थोरले बंधु वही पुढ्यांत घेऊन बसतात, वहिनी किराण्याचे आंकडे सांगतात आणि आम्ही बाकीचे आपापल्या मागण्या भीत भीत पुढें करतों. दूध, औषधें, मुलांच्या फिया, घराची डागडुजी या रकमा एकामागून एक शाईनें उतरतात. शेवटीं ‘प्रवास’ हा शब्द आला, कीं दादा लेखणी खालीं ठेवतात व पेन्सिल उचलतात. वर्ष ओढाताणीचें असलें तर पहिली काट याच शब्दावर बसते. “ही चैन आहे, पुढल्या वर्षीं पाहूं,” हें त्यांचें ठरलेलें वाक्य. त्यांत मला कधींहि अन्याय दिसला नाहीं. पोटाला चिमटा घेऊन काश्मीर पाहण्यांत शहाणपण तें कसलें ?

परंतु अशी पेन्सिल हजारों घरांत एकाच वेळीं चालली म्हणजे काय होतें, याचा विचार मीं कधीं केला नव्हता. तो करावयास लावला आमच्या धाकट्या पुतण्यानें. तो एका विमानकंपनींत नोकरीला लागला, तेव्हां जेवतां जेवतां मीं त्याला सहज विचारलें, “काय रे, सकाळीं चार हजारांना मिळणारें तिकीट संध्याकाळीं सात हजारांचें कसें होतें ?” तो हंसून म्हणाला, “काका, मंडईंतली मेथी संध्याकाळीं निम्म्या भावानें तरी जाते. उडालेल्या विमानांतली रिकामी खुर्ची कोणी फुकट देखील घेत नाहीं !”

मग त्यानें सारा हिशेब उलगडून सांगितला. विमान भरलेलें असो वा अर्धें रिकामें असो, वैमानिकांचें वेतन, विमानतळाचें शुल्क आणि विमानाचें भाडें तेवढेंच पडतें. इंधनांतहि फारशी बचत होत नाहीं. बहुतेक खुर्च्या भरेपर्यंत केवळ खर्च भरून निघतो. नफा असलाच तर तो शेवटच्या थोड्या खुर्च्यांत. म्हणून आगाऊ येणाऱ्याला स्वस्त तिकीट देऊन विमान भरावयाचें आणि निकडीच्या कामासाठीं आयत्या वेळीं येणाऱ्याकडून जास्त घ्यावयाचें. दिवस मंदीचे आले, कीं कुटुंबांचे बेत रहित होतात आणि घाव नेमका त्या शेवटच्या खुर्च्यांवर पडतो.

दुसरी ओढाताण चलनाची. इंधन हा विमानकंपनीचा सर्वांत मोठा खर्च. त्याचा भाव जगांतील तेलाच्या बाजारावर ठरतो. विमानांचें भाडें बहुधा डॉलरांत द्यावें लागतें, आणि आमच्यासारख्यांकडून मिळतात ते रुपये. रुपया घसरला, कीं एकहि उतारू कमी न होतां तोटा वाढतो. बरें, तेल उतरलें म्हणजे तरी सुख लागावें ? तसेंहि नाहीं. २००८ सालच्या जुलैमध्यें तेल पिंपामागें १४७ डॉलरांपर्यंत चढलें आणि डिसेंबरांत ४० डॉलरांच्याहि खालीं आलें. पण तें उतरलें जगभर मंदी पसरल्यामुळें, आणि त्याच मंदीनें उतारूहि घरीं बसवले. तेल स्वस्त झालें, तेव्हां गिऱ्हाईक महाग झालें होतें.

हें नुकसान विमानतळाच्या कुंपणाआड राहत नाहीं. विलायतेंतील थॉमस कुक ही १८४१ सालापासून चालत आलेली प्रवासी पेढी कर्जाच्या भारानें २३ सप्टेंबर २०१९ रोजीं कोसळली. परदेशीं गेलेल्या सुमारें दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना तेथील सरकारनें परत आणलें. पण तिचीं विमानें गोव्यालाहि येत असत, आणि हंगाम अगदीं तोंडावर आला होता. पाहुण्यांची वाट पाहणारे हॉटेलवाले, टॅक्सीवाले, किनाऱ्यावर शॅक थाटणारे यांना परत कोण आणणार ? त्या पेढीच्या ताळेबंदाशीं त्यांचा काय संबंध होता ? तूट मात्र त्यांच्याहि पदरांत आली.

आमच्या घरीं ही तूट २०२० सालीं आली. त्या मार्चच्या अखेरीस महामारीमुळें देशांतील प्रवासी विमानें दोन महिने बंद राहिलीं. २०१९ सालीं जगांत १४० कोटींहून अधिक परदेशप्रवास झाले होते. २०२० सालीं ते सुमारें ४० कोटींवर आले. पुतण्याला बिनपगारी रजा मिळाली. घरासाठीं कर्ज काढून त्याला पुरते सहा महिनेहि झाले नव्हते. तो कोणाला कांहीं बोलला नाहीं. जेवतांना पानावरून लौकर उठूं लागला, एवढेंच. एका संध्याकाळीं दादांनीं वही उघडली, ‘धाकट्याचा हप्ता’ अशी नवी ओळ शाईनें लिहिली आणि चष्मा काढून ते म्हणाले, “अरे, आपण ज्याला चैन म्हणत आलों, त्यावर याचें घर चाललें होतें.”

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं श्रीनगरला ज्या नावाड्याच्या शिकाऱ्यांत आम्ही बसलों होतों, त्याच्या हप्त्याची ओळ कोणी लिहिली असेल ?

पुढें पुतण्याची नोकरी पूर्ववत् झाली. तरी कर्ज काढून सहली कराव्या असें मी म्हणणार नाहीं; दुसऱ्याच्या चरितार्थासाठीं आपण दिवाळें काढावें, हा कांहीं धर्म नव्हे. पण बेत अजिबात रहित करण्याऐवजीं आखूड करतां येतो. गेल्या मार्चमध्यें वर्ष तंगीचेंच होतें. दादांनीं पेन्सिल उचलली, काश्मीर खोडलें आणि त्याच्या शेजारीं ‘कोंकण, रेल्वेनें, चार दिवस’ असें लिहिलें. वहिनींनीं त्यांच्यापुढें लेखणी सरकवली. दादांनीं एकवार त्यांच्याकडे पाहिलें, आणि तीच ओळ शाईनें गिरवली.