जन्म 2045, मृत्यू 1983

मोतीबिंदूमुळे एन्ट्री तपासायचं काम हल्ली हाताखालच्या मुलीकडे दिलंय. पनवेलच्या एका पतसंस्थेचा फॉक्सप्रोतला जुना डेटा मायएसक्यूएलमध्ये चढवताना ती म्हणाली, "काका, हे आजोबा अजून जन्मायचेत." साल दोनच अंकी होतं, 48. मायएसक्यूएल 69 पर्यंतचे आकडे 2000 नंतर टाकतं, 70 पासूनचे 1900 नंतर. ज्येष्ठांचं जादा व्याज तिथंच अडकलं.

"शतकाची रेघ सरकवू," ती म्हणाली. एसक्यूएल सर्व्हरची रेघ मुळात 49 वर असते. फॉक्सप्रोत 'सेट सेंच्युरी टू 19 रोलओव्हर 30' लिहून मी ती हवी तिथे ओढायचो, आणि ही ओळ चारचौघांत मिरवायचोही. अजून मिरवतो. पण रेघ कुठेही ओढा, 1938 चा सभासद आणि 2038 ला फिटणारं त्याच्या नातवाचं कर्ज, दोन्ही '38'च. म्हणून जन्मतारखेला वेगळा नियम लावला, आजच्या पुढे जायचं नाही. मुदतीला वेगळा, कर्जवाटपाच्या मागे यायचं नाही. तरी 1924 ची पणजी आणि 2024 ची पणती एकाच वहीत आल्या की नियम गप्प!

आपल्याच तालुक्यातलं शिरढोण घ्या. तिथले वासुदेव बळवंत फडके, जन्म 4-11-45, मृत्यू 17-2-83. मायएसक्यूएल म्हणेल जन्म 2045, मृत्यू 1983. कुणीही हसेल आणि दुरुस्त करेल. 2029 ची मर्यादा असलेलं एक्सेल मात्र 1945 ते 1983 वाचतं. वय बरोबर सदतीस, शतक साफ चूक, आणि शंका यायला जागाच नाही. खरं 1845 तर त्याला तारीख म्हणून कळतच नाही. त्याचं कॅलेंडर 1900 पासून सुरू होतं.

नव्या सॉफ्टवेअर कंपन्या जन्मतारखेच्या रकान्याला कॅलेंडर चिकटवून मोकळ्या होतात. 1948 गाठायला कारकून मागच्या बाणावर बोट झिजवतो आणि कंटाळून एक जानेवारी ठोकतो. त्यापेक्षा पेशवाईतला कारकून बरा. सुहूर सन लिहिताना तो 'मया व अलफ', म्हणजे शंभर आणि हजार, अक्षरात लिहायचा.

सध्या आम्ही सभासदांचे मूळ अर्ज काढून साल चार अंकी भरतोय. ओरॅकलच्या दोन अंकी सालाच्या 'आरआर' साच्यावर भिस्त ठेवून बसलेल्यांना एवढंच सांगतो: तो आज 48 ला 2048 वाचतो, 1 जानेवारी 2050 पासून 2148 वाचेल.