तळ्याभोवतीची फेरी

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या धर्मग्रामांतून महाबळेश्वरच्या सहली निघतात. मुंबई-गोवा महामार्गाने महाड, पुढे पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून वर. वेण्णा तलावात नौकाविहार, भाजलेली कणसे आणि हौस उरलीच तर पलीकडे तापोळ्याला, कोयनेच्या शिवसागर जलाशयावर. पाण्याकाठी घटकाभर बसावे ही ओढ माणसाला उपजतच असावी. तिला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. माझा आग्रह एवढाच असतो की, वाटेत महाडला गाडी गावात वळवावी. "फादर, तिथे बोटिंग आहे का?" हा मुलांचा प्रश्न ठरलेला. बोटींसाठी तेथे कोणी जात नाही, असे मी सांगतो आणि मुलांचे चेहरे पडतात.

चवदार तळे भर वस्तीत आहे. पावसाच्या पाण्यावर आणि पोटातल्या झऱ्यांवर ते भरते. आज त्याचे काठ बांधून काढलेले आहेत, बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि कोणीही यावे, हवे तितके बसावे. हे 'कोणीही' किती महागात पडले, ते मुलांना सांगावे लागते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सारे झाले होते. पाण्यापर्यंत मात्र कोणाला जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांना मारहाण झाली, आणि तळे बाटले म्हणून पंचगव्याने ते 'शुद्ध' करण्यात आले.

मला अधिक विचारात पाडतो तो त्याच वर्षीचा डिसेंबर. पुन्हा सत्याग्रह करायचा म्हणून हजारो माणसे महाडला जमली होती. तोवर, तळे खाजगी आहे असा दावा गुदरून विरोधकांनी न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवला होता. रक्त तापलेल्या त्या समुदायाला बाबासाहेबांनी थांबवले. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून परत फिरली. पाण्याला कोणी शिवले नाही. तहानेल्या माणसाने पाण्याकाठून असे परतणे, हा संयम मला मार्चमधल्या धैर्याइतकाच मोठा वाटतो. निकालाला पुढे जवळजवळ दहा वर्षे लागली. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झालेले नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये ठरवले.

त्या डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी एक गोष्ट सांगितली होती : या तळ्याचे पाणी कोणत्याही धर्माच्या माणसाला भरता येते, अडवले जाते ते केवळ आम्हाला. म्हणजे आपल्यापैकी कोणी गेला असता, तर त्याला कोणी हटकले नसते. हे ऐकून सुटकेचा नि:श्वास टाकणाऱ्यांना मी दक्षिणेकडील काही चर्चची आठवण करून देतो. तेथे दलित ख्रिस्ती बांधवांची बसण्याची जागा वेगळी होती आणि मृतांची दफनभूमीही. क्रूस एकच होता, एवढेच.

मग गाडी घाट चढू लागते. तापोळ्याला मुले होडीत बसतात, पाण्यात हात घालतात, खिदळतात, खिदळावेच. शिवसागराचे पाणी मात्र १९६० च्या दशकात कोयना धरणामागे तुंबले, तेव्हा खोऱ्यातील गावे, शेते आणि देवळे त्याखाली गेली. विस्थापितांपैकी काही कुटुंबे घाट उतरून रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत वसली. होडीवाला त्याच भागातला असला, तर खाली कोणते गाव आहे ते त्याला विचारावे. तो वल्हे थांबवून बोटाने दाखवतो.