मुक्काम

आमच्या पोहरादेवीला रामनवमीच्या सुमारास यावं आणि नुसतं रस्त्याच्या कडेला उभं राहावं. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे एवढंसं गाव. पण त्या दिवसांत कर्नाटकातून, तेलंगणातून, कुठून कुठून बंजारा माणसं लोटतात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकतात, चूल मांडतात, रात्र काढतात आणि आल्या वाटेनं निघून जातात. अशा गावात वाढलेल्या माणसाला दूरदेशीच्या पाहुण्यांचं नवल ते काय वाटणार! पण नवल वाटलं खरं, आणि तेही निफाडला.

माझी धाकटी बहीण तिकडे दिली आहे. भाऊबीजेला गेलो, तेव्हा चौऱ्यांशी वर्षांचे बाही हट्टानं बरोबर आले. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी आम्हाला पहाटेच नांदूर मध्यमेश्वरला नेलं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या आरंभी इथं बंधारा घातला गेला. हेतू शेतीच्या पाण्याचा. पक्ष्यांचा विचार कुणाच्या मनातही नसावा. पण नद्यांनी दर पावसाळ्यात गाळ आणला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उठली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या. धरणाच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा. पक्ष्यांच्या वहीत मात्र तो जमेकडे पडला! 1986 साली इथं अभयारण्य झालं, आणि 2020 साली जाहीर झालं की रामसर यादीत स्थान मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा.

गाळाचं हे कौतुक मला काठावर बसल्यावर कळलं. तलवार बदकं डोकं पाण्यात बुडवत आणि शेपट्या आभाळाकडे करत होती. ही जात खोल बुडी मारणारी नव्हे. मान पोहोचेल तिथवरच तिचं ताट. खोल, स्वच्छ, नीटनेटक्या धरणावर ती उपाशीच राहायची. पलीकडे चमचे आपली चपटी चोच पाण्यातून डावी-उजवीकडे फिरवत सावकाश चालले होते, जणू कुणी कढी ढवळते आहे. बेटाच्या कडेला चक्रवाकांची एक केशरी जोडी उभी होती. रात्रीचा विरह कवींनी बिचाऱ्यांच्या माथी मारला; आम्हाला तर दोघं अगदी खेटून उभी दिसली. लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून ती येतात, तलवार बदकं थेट सायबेरियाकडून.

दुर्बीण दाखवणारा पोरगा जवळच्याच गावचा. त्यानं ती बांच्या डोळ्यांशी नीट लावून दिली. बा कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, “पोरा, यांना इथून कोणी हाकलत तर नाही ना?”

“नाही बाबा. अभयारण्य आहे हे. इथं शिकारीला बंदी.”

“मग येणारच की,” बा म्हणाले.

त्या पोराला हा प्रश्न साधा वाटला असेल. मला तो साधा वाटला नाही. आमचे पूर्वज लदेणीवर जगले. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचं, आणि जिथं पाणी आणि चारा असेल तिथं तांडा उतरवायचा. पुढे आगगाडी आली, बैलांची वाट मोडली. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्या यादीत बंजाऱ्यांचंही नाव चढलं. तो कायदा गेला 1952 साली. बा तेव्हा लहान होते. पण गावकुसाबाहेर राहुट्या टाकल्या की “इथं नको, पुढे चला” ही हाक त्यांनी ऐकलेली आहे. वाटसरूला जमिनीची मालकी नको असते. त्याला मुक्काम हवा असतो, आणि ठरल्या ठिकाणी तो सापडेल एवढा भरवसा. हजारो कोसांच्या वाटेवरचा एक मुक्काम मोडला, तर पुढची सगळीच वाट अवघड होते.

नांदूरचा मुक्काम आज शाबूत आहे, पण निर्धास्त नाही. वरच्या गावा-शहरांचं सांडपाणी नदीतून येतं, त्यावर जलपर्णी पोसते आणि उघडं पाणी झाकून टाकते. अवर्षणाच्या साली याच पाण्यावर शेताची आणि माणसाचीही तहान असते. कुणाचाच हक्क खोटा नाही. मात्र आपण अर्ज देतो, आवर्तनासाठी भांडतो. पक्षी भांडत नाही. पुढच्या साली तो येत नाही, इतकंच.

5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा, या दोहोंमधले दिवस महाराष्ट्रात पक्षिसप्ताह म्हणून पाळतात. दिवाळीही त्याच्या आगेमागेच येते. सवड काढून जरूर जा, लेकराबाळांना न्या. पण काठावर आवाज जरा खाली ठेवा. बा तिथं दोन तास बसले, पण जे बोलले ते कुजबुजतच. दमून आलेला पाहुणा जेवत असताना मोठ्यानं बोलू नये, असं त्यांचं म्हणणं.