कोल्हापूर-वॉर्सा : पावणेआठ तास की तीन वर्षं?

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट्स तुम्हीही पाहिल्या असतील. दुपारच्या चहानंतर डोळे पेंगायला लागले की मी हमखास तोच उद्योग करतो. तुम्हीही एकदा 'कोल्हापूर ते वॉर्सा' टाकून बघा. सरळ रेषेत साधारण 6,100 किलोमीटर. जेटचा वेग ताशी साडेआठशे धरा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, की पावणेआठ तासांत थेट पोलंड! अर्थात असं थेट विमान नाही, हे फक्त कागदावरचं गणित.

पण वॉर्साच का? त्यासाठी गडमुडशिंगीत यायला हवं.

करवीर तालुक्यातलं हे गाव कोल्हापूरला जवळजवळ चिकटलेलं. आजूबाजूला ऊस, आणि शेजारी उजळाईवाडीचा विमानतळ. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली तो सुरू झाला. जुनी धावपट्टी 1,370 मीटरची, म्हणजे एटीआरसारख्या छोट्या विमानांपुरती. ती वाढवून 1,930 मीटर केली. पण एअरबस उतरवायची तर 2,300 मीटर हवी, आणि धावपट्टी काही हवेत वाढत नाही! विस्तारासाठी गडमुडशिंगीची सुमारे 64 एकर जमीन ठरली. आपण अंतर तासांत मोजतो, इथल्या शेतकऱ्याला ते एकरांत मोजावं लागतं.

आता शेजारच्या वळिवड्यात चला. विमानतळ सुरू झाला त्याच 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया चालून गेला. 1940 पासून पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे पाठवली गेली. 1942 मध्ये त्यातली बरीच जणं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. तिथून कराची, आणि 1943 पासून वळिवड्याची छावणी. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. पोलंड ते कोल्हापूर, तीन वर्षं!

नकाशावर मी ती 6,100 किलोमीटरची रेषा काढून पाहिली. तिचा मध्यबिंदू येतो कॅस्पियनच्या आग्नेय टोकाशी, म्हणजे त्या लोकांच्या वाटेच्या अगदी आसपास. पुढे रेषा युक्रेनवरून जाते. तिथलं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. म्हणजे आजही ही रेषा सरळ कापता येत नाही. साइट आपल्याला किलोमीटर सांगते, मधली युद्धं नाही सांगत.

1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. अनेकांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती, त्यामुळे घरी जायचं कुठे हाच प्रश्न. कोणी इंग्लंडला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला. त्यांच्या बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी आले आणि तिथे गांधीनगर उभं राहिलं. आज अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो, तेच हे गांधीनगर!

सप्टेंबर 2019 मध्ये त्या छावणीत वाढलेली काही मुलं पुन्हा वळिवड्यात आली होती. वयं ऐंशी-नव्वदीची. विमानाला लागले असतील काही तास. परत यायला मात्र सत्तर वर्षं गेली.

पुढच्या वीकेंडला कोल्हापूरला गेलात तर मिसळ, तांबडा-पांढरा होऊन जाऊ द्या. मग महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ बघा, आणि रिक्षा करून वळिवड्यापर्यंत जाऊन या. जाताना डोक्यावरून एखादं विमान गेलंच, तर ते कुणाच्या शेतावरून उडतंय तेही बघा.