दरीची ओ

ऑक्टोबर होता. पाऊस नुकता सरलेला, खाली धोम धरणाचं पाणी तुडुंब. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटला, जिथं प्रतिध्वनी येतो त्या कड्यावरून, भाचीनं "आत्याऽ" अशी हाक मारली. दरीनं ती जरा पातळ करून परत दिली. मग तिला चाळाच लागला. पहिली हाक परतायच्या आत ती दुसरी मारायची, आणि आवाजात आवाज मिसळला की गप्प राहून ऐकायची.

मला टेरी रायली आठवला. या अमेरिकन संगीतकारानं 1963 साली पॅरिसमध्ये दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत ओवली. पहिल्यावर सूर टिपला जातो, फीत सरकत दुसऱ्यापाशी पोचली की तोच सूर उशिरानं वाजतो आणि पुन्हा पहिल्यात शिरतो. दोन यंत्रांमधलं अंतर हीच त्याची दरी. 'पॉपी नोगुड अँड द फँटम बँड' ही 1969 मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आलेली रचना याच युक्तीवर उभी आहे. माणूस एकटाच, हातात सोप्रानो सॅक्सोफोन. त्याचेच मघाचे सूर त्याच्याभोवती जमत जातात, आणि त्या गर्दीत पुढचं काय वाजवायचं ते त्याला त्या क्षणी सुचतं.

पहिल्यांदा ऐकताना मी दहाव्या मिनिटाला बंद केलं होतं. मी मुखडा शोधत बसले होते. ऐकायचं होतं तंबोऱ्यासारखं. तारांची ती झणझण, म्हणजे जवारी, चांगली लागली की एका षड्जाच्या पोटातून किती सूर उलगडतात! गाणारा त्यांच्यातच आपली जागा शोधतो. तेही परत आलेलं ऐकून पुढं जाणंच.

रायलीनं फितीची युक्ती आपल्या संगीतातून उचलली नव्हती. पण 1970 मध्ये तो शिष्य झाला तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. 1937 मध्ये ते गेले, त्यांची कबर तिथल्या दर्ग्यात आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. केट्स पॉइंटखालची कृष्णाही पुढं तिकडेच जाते. असं असताना आपल्याकडचे जाणकार रायलीच्या यंत्रांना नाकं मुरडतात, हे मला कोतेपणाचं वाटतं.

मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत एखाद्या तंबोऱ्याची जवारी काढत असतील तिथं थोडं थांबा. घरी येऊन 'पॉपी नोगुड' लावा. एकवीस मिनिटांचं आहे.